चित्र नंतर बघा, आधी तारीख

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचं टपाल तिकीट १८ एप्रिल १९५८ रोजी निघालं. त्या दिवशी अण्णांना शंभर वर्षं पूर्ण झाली होती आणि आपलं तिकीट बघायला ते स्वतः हयात होते. स्वतंत्र भारताच्या तिकिटावर जिवंतपणी आलेले ते पहिले भारतीय. महात्मा फुल्यांचं तिकीट निघालं २८ नोव्हेंबर १९७७ ला, निधनानंतर बरोबर ८७ वर्षांनी. सावित्रीबाईंचं १० मार्च १९९८ ला, निधनानंतर १०१ वर्षांनी. फुले दांपत्याची पुण्यातली मुलींची शाळा १८४८ ची, म्हणजे कर्व्यांच्या जन्माच्या दहा वर्षं आधीची. तिकिटांचा क्रम मात्र बरोबर उलटा.

स्मारक तिकिटं हा देशाचा इतिहास आहे असं सगळेच म्हणतात, आणि मग अल्बममध्ये राजे, संत, पुढारी, रेल्वे, उपग्रह अशी चित्रं लावत जातात. चित्रातून कळतं ते शाळेच्या पुस्तकातूनही कळतं. तिकिटाकडे स्वतःचं असं जे सांगण्यासारखं असतं ते दोन तारखांच्या मधल्या अंतरात असतं: घटना कधी घडली, आणि सरकारला तिची आठवण कधी झाली.

पण लगेच निष्कर्षावर उडी मारू नका. अंतरात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे सरकारची इच्छा, दुसरी म्हणजे निव्वळ पंचांग. तिकिटं बहुतेक वेळा शताब्दी, पंच्याहत्तरी, पुण्यतिथी असं निमित्त धरून निघतात. फुल्यांची जन्मशताब्दी १९२७ ला आली, सावित्रीबाईंची १९३१ ला. तेव्हा राज्य इंग्रजांचं होतं. लोकमान्य टिळक १८५६ चे, म्हणून त्यांची शताब्दी स्वतंत्र भारताला मिळाली आणि २३ जुलै १९५६ ला दोन आण्यांचं तिकीट निघालं. तेव्हा आधी पंचांगाचा वाटा वजा करायचा. उरतं ते खरं बोलकं. डॉ. आंबेडकरांची जन्मशताब्दी यायला १९९१ उजाडायचं होतं, तरी त्यांचं पहिलं तिकीट १४ एप्रिल १९६६ ला, पंच्याहत्तरीच्या निमित्ताने निघालं. त्याच वर्षी ९ मेला गोखल्यांचं, शताब्दीचं. फुल्यांच्या बाबतीत मात्र १९६५ मध्ये पुण्यतिथीची पंच्याहत्तरी येऊन गेली आणि तिकीट निघालं नाही. १९७७ ला ते निघालं तेव्हा जन्माला दीडशे वर्षं झाली होती, म्हणजे तिथे पंचांगाचा वाटा आहेच; १९६५ ची संधी मात्र सरकारने जाऊ दिली. ही खरी नोंद.

इंग्रजांच्या काळापासून बघू. १८५४ पासून पुढची ७७ वर्षं भारताच्या तिकिटांवर राणी किंवा राजा याशिवाय फारसं काही नव्हतं. १९२९ मध्ये हवाई टपालाच्या तिकिटांवर विमान आलं, पण राजा तिथेही होताच. पहिला स्मारक संच फेब्रुवारी १९३१ चा, नवी दिल्लीच्या उद्घाटनाचा. सहा तिकिटं: पुराना किल्ला, युद्धस्मारकाची कमान (आजचं इंडिया गेट), कौन्सिल हाउस, व्हाइसरॉयचा वाडा, सचिवालय आणि डोमिनियन स्तंभ. छपाई नाशिकच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसची. १९२६ पासून तिकिटं तिथे छापली जाऊ लागली होती, त्याआधी लंडनहून येत. सत्याग्रहाने देश ढवळून निघाला होता आणि सरकार आपल्या इमारती दाखवत होतं. या संचातल्या पाव आण्याच्या काही प्रतींवर ‘पुराना’च्या इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर ‘पी’ऐवजी ‘एफ’सारखं दिसतं. भिंगाशिवाय ते सुटतं, म्हणून जुन्या गठ्ठ्यात हे तिकीट मिळालं तर आधी तिथेच बघावं.

पाचव्या जॉर्जच्या राज्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून निघालेला १९३५ चा रौप्यमहोत्सवी संच सात तिकिटांचा. गेटवे ऑफ इंडिया अर्ध्या आण्यावर, ताजमहाल अडीच आण्यांवर, आणि आठ आण्यांवर मंडालेचा पॅगोडा. आज हे विचित्र वाटतं. पण ब्रह्मदेश १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता. टिळकांना शिक्षा झाली तेव्हा मंडालेला का नेलं, याचं उत्तर या एका तिकिटावर छापलेलं आहे.

गोव्याचा धागा वेगळा. पोर्तुगीज इंडियाच्या नावाने १८९८ मध्येच वास्को द गामाच्या सफरीच्या चारशे वर्षांची आठ तिकिटं निघाली होती, दिल्लीच्या संचाच्या ३३ वर्षं आधी. तिथे ज्याचा गौरव चालला होता, तो उर्वरित हिंदुस्थानच्या तिकिटांवर कुठेच नव्हता. एकाच किनाऱ्याचे दोन इतिहास शेजारी ठेवून बघायचे असतील तर हा संच लावा.

आता १९४७. इथे जरा थांबायला हवं, कारण या वर्षातला गोंधळ तिकिटांइतका स्वच्छ दुसरीकडे क्वचितच दिसतो.

१५ ऑगस्टला स्वतंत्र भारताकडे स्वतःचं एकही तिकीट नव्हतं. पत्रांवर सहाव्या जॉर्जचंच तोंड होतं. टपाल खात्याने त्या दिवशी काय केलं, तर शिक्का बदलला. ‘जय हिंद’ असा विशेष शिक्का स्वातंत्र्याच्या दिवशीच वापरात आला. राजाच्या चेहऱ्यावर ‘जय हिंद’ उमटलेला लिफाफा मिळाला तर तो तिकिटापेक्षा मोलाचा समजा, आणि तिकीट सुटं करायच्या भानगडीत पडू नका. लिफाफा आणि शिक्का हाच पुरावा.

पहिलं स्वतःचं तिकीट आलं २१ नोव्हेंबर १९४७ ला: साडेतीन आणे, तिरंगा, वर देवनागरीत ‘जय हिंद’ आणि १५ ऑगस्ट १९४७ ही तारीख. साडेतीन आणे हा परदेशी पत्राचा दर होता. म्हणजे नवा झेंडा आधी बाहेरच्या जगाला दाखवला गेला. देशातल्या पत्राचं दीड आण्याचं अशोकस्तंभाचं तिकीट १५ डिसेंबरला आलं, सोबत बारा आण्यांचं विमानाचं. हा क्रम मुद्दाम होता की प्रेसच्या वेळापत्रकाने ठरला, यावर वाद घालता येईल. पण अल्बममध्ये तिन्ही तिकिटं एकत्र चिकटवून खाली ‘१९४७’ एवढंच लिहिलं तर तो वादच नाहीसा होतो.

आणि याच सुमाराला, त्याच नाशिकच्या प्रेसमध्ये, सहाव्या जॉर्जच्या भारतीय तिकिटांवर इंग्रजीत ‘पाकिस्तान’ हा शब्द छापला जात होता. पाकिस्तानची ही पहिली तिकिटं १ ऑक्टोबर १९४७ ला निघाली, १९ मूल्यांची. तोवर आणि त्यानंतरही तिकडच्या पोस्टांनी रबरी शिक्के मारून किंवा स्थानिक छापखान्यात काम भागवलं. या स्थानिक शिक्क्यांचा बाजार म्हणजे बनवाबनवीचं माहेरघर: रबरी शिक्का कुणीही करू शकतो, मूळ तिकीट स्वस्त आहे. सुटं, न वापरलेलं स्थानिक ओव्हरप्रिंट (तयार तिकिटावर वरून छापलेला शब्द) तज्ज्ञाच्या दाखल्याशिवाय घेऊ नये. नाशिकचा छाप ओळखायला सोपा: अक्षरं सरळ, एकसारखी, काळी, कडा स्वच्छ.

पाकिस्तानचा स्वतःचा पहिला स्मारक संच ९ जुलै १९४८ चा. चार तिकिटं, आणि त्यांवर स्वातंत्र्याची तारीख १५ ऑगस्ट १९४७ अशी छापलेली आहे. आज तिकडे १४ ऑगस्ट साजरा होतो. सरकारने स्वतः काढलेला हा कागद वीस सेकंदांत जे सांगतो ते सांगायला इतिहासाच्या वर्गात तास जातो.

मग महात्मा गांधी. १५ ऑगस्ट १९४८, चार तिकिटं: दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. ‘बापू’ हा शब्द देवनागरीत आणि उर्दूत. स्वदेशीसाठी आयुष्य वेचलेल्या माणसाची तिकिटं छापली स्वित्झर्लंडच्या कूर्व्हाझिए छापखान्याने, कारण फोटोग्रॅव्ह्युअरची, म्हणजे छायाचित्र धातूवर कोरून त्यावरून छापण्याची सोय तेव्हा नाशिकला नव्हती. ती १९५२ मध्ये आली. याला विसंगती म्हणा किंवा घाई म्हणा. त्या काळी दहा रुपये ही साध्या माणसाच्या पत्राची रक्कम नव्हतीच, म्हणून वापरलेलं दहाचं खरं तिकीट कमी दिसतं आणि न वापरलेल्याच्या नकला भरपूर.

नकला ओळखायच्या पायऱ्या अशा. आधी परफोरेशन, म्हणजे कडेची छिद्रं मोजा: गेजवर दोन सेंटिमीटरमध्ये किती छिद्रं बसतात तो आकडा, आणि तो ११½ यायला हवा, चारही बाजूंनी. मग दहा पट भिंग. खऱ्या फोटोग्रॅव्ह्युअरमध्ये गडद भाग सलग मखमली दिसतो, त्यात बारीक एकसारखी जाळी असते आणि अक्षरांच्या कडा किंचित दातेरी असतात. ऑफसेटवर काढलेल्या नकलेत वेगवेगळ्या रंगांचे ठिपके फुलासारखे घोळक्याने दिसतात. मग कागद: खऱ्याला वॉटरमार्क (कागद बनवतानाच त्यात उमटवलेली फिकट खूण) नाही, त्यामुळे तारे दिसले तर विषय संपला. शेवटी रंग, दहाच्या तिकिटाचा जांभळट तपकिरी आणि लाखेचा लाल. पण रंगावर कधीही एकट्यावर विसंबू नका, उन्हात ठेवलेलं खरं तिकीटही उतरतं. मोबाइलवरच्या फोटोवरून तर दहा रुपयांचा गांधी घेऊच नये.

याच संचावर ‘सर्व्हिस’ असा शब्द छापून गव्हर्नर जनरलच्या कार्यालयासाठी सरकारी तिकिटं केली गेली. दहा रुपयांच्या अशा फक्त १०० प्रती छापल्या. २०१७ मध्ये त्यातल्या चार जोडतिकिटांची पट्टी स्टॅन्ली गिबन्स या लंडनच्या तिकीट-व्यापारी कंपनीने ५ लाख पौंडांना विकली. त्यामुळे साध्या गांधी तिकिटावर कुणी घरी ‘सर्व्हिस’ छापून आणलं नसेल तरच नवल. कुणी स्वस्तात दाखवलं तर नमस्कार करून निघावं.

१ ऑक्टोबर १९५२ चा संच मला सगळ्यात जास्त वाचनीय वाटतो. गणराज्य झाल्यावर आपण कुणाची परंपरा सांगतो, याचं हे पहिलं अधिकृत उत्तर. कबीर नऊ पै, तुलसीदास एक आणा, मीरा दोन आणे, सूरदास चार आणे, गालिब साडेचार आणे, टागोर बारा आणे. राजा नाही, सेनापती नाही, पुढारी नाही. सहा कवी, त्यात एक जुलाहा, एक स्त्री, एक उर्दूचा शायर. फाळणीनंतर पाच वर्षांनी गालिब आणि तुलसीदास एकाच संचात ठेवणं हा विचार करून केलेला निर्णय होता, याबद्दल मला शंका नाही. पण नकाशा बघा. नर्मदेच्या दक्षिणेचं कुणीच नाही. ज्ञानेश्वर नाहीत, तुकाराम नाहीत, तमिळ किंवा कन्नड संत नाहीत. तिरुवळ्ळुवर आणि सुब्रह्मण्य भारती १९६० ला आले, त्यागराज १९६१ ला. मराठी संतांपैकी नामदेव १९७० ला, जन्माच्या सातशे वर्षांच्या निमित्ताने, आणि तुकोबा तर २००२ ला. नामदेव तुकारामांच्या ३२ वर्षं आधी का? माझा अंदाज असा की नामदेवांची पदं गुरु ग्रंथ साहिबात आहेत, पंजाबात त्यांची ओळख आहे, दिल्लीला ते ‘प्रादेशिक’ वाटले नसावेत. अंदाजच आहे, पण असा प्रश्न पडणं हेच अल्बमचं काम.

त्या संचाबद्दल एक सावधगिरी. टागोरांचा चेहरा छायाचित्रावरून आहे. कबीर, मीरा, सूरदास यांचे चेहरे चित्रकारांच्या परंपरेतून आले आहेत. तिकिटावर छापलं म्हणजे माणूस तसाच दिसत होता असं शाळेच्या प्रकल्पात सर्रास लिहिलं जातं. आणि छापील चित्र उलटंही असू शकतं: १९४९ च्या पुरातत्त्व मालिकेतल्या एक आण्याच्या बोधिसत्त्वाची मूर्ती आरशातल्यासारखी उलटी छापली गेली आणि १९५० मध्ये सरळ करून पुन्हा काढावी लागली. दोन्ही शेजारी लावा, हात कोणत्या बाजूला आहे ते बघा. (ही नित्य वापराची मालिका, स्मारक नव्हे, पण धडा तोच.)

एकाच घटनेची वेगवेगळ्या काळातली तिकिटं मिळतात तिथे तर मेजवानी. १८५७ च्या शताब्दीला, १५ ऑगस्ट १९५७ ला, दोन तिकिटं निघाली. पंधरा नव्या पैशांवर घोड्यावरची झाशीची राणी आणि नव्वद नव्या पैशांवर हुतात्म्यांचं स्मारक. नाव एकच, बाकी सगळं प्रतीक. नानासाहेब, तात्या टोपे, मंगल पांडे, बेगम हजरत महल यांना चेहरा मिळाला १९८४ मध्ये, ‘स्वातंत्र्यलढा’ या मालिकेत. वासुदेव बळवंत फडक्यांचं तिकीटही त्याच वर्षीचं. शताब्दीला जे पुढे आणले गेले नाहीत ते २७ वर्षांनी, कुठलीही शताब्दी नसताना, एकगठ्ठा आले. नेताजींचं पहिलं तिकीट १९६४ चं, आझाद हिंद सरकारच्या पंचविशीचं १९६८ चं. सावरकरांचं २८ मे १९७० ला. शिवाजी महाराजांचं पहिलं १७ एप्रिल १९६१ ला, महाराष्ट्र राज्याला वर्ष पूर्ण होत असताना. मग राज्याभिषेकाच्या तीनशे वर्षांचं जून १९७४ मध्ये.

आझाद हिंदचा विषय निघालाच आहे तर: ‘आझाद हिंद’ लिहिलेली जी तिकिटं बाजारात दिसतात ती १९४३ मध्ये जर्मनीत छापली गेली, पण टपालात कधीच वापरली गेली नाहीत. तेव्हा शिक्का मारलेलं आझाद हिंद तिकीट कुणी ‘दुर्मीळ, वापरलेलं’ म्हणून विकत असेल तर तो शिक्का कुठून आला ते त्यालाच विचारा.

काही तिकिटं मात्र घटनेच्या अगदी टाचेवर येतात. पंडित नेहरू २७ मे १९६४ ला गेले, तिकीट १२ जूनला: सोळा दिवस. आर्यभट्ट १९ एप्रिल १९७५ ला अवकाशात गेला, तिकीट दुसऱ्या दिवशी; म्हणजे यशाची खात्री धरून छपाई आधीच झाली होती. एव्हरेस्ट २९ मे १९५३ ला सर झालं, तिकिटं २ ऑक्टोबरला, आणि त्यांवर डोंगर आहे, माणूस नाही.

पण घाईचा कळस म्हणजे १९७१ चं शरणार्थी तिकीट. पूर्व बंगालातून येणाऱ्या लोंढ्यांचा खर्च उभा करायला सरकारने १५ नोव्हेंबर १९७१ पासून टपालावर पाच पैशांचा सक्तीचा अधिभार लावला. वेगळं तिकीट तयार नव्हतं. मग कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या नित्य तिकिटावर ‘रिफ्युजी रिलीफ’ असा शब्द छापला. तेही सगळीकडे वेळेत पोचलं नाही, म्हणून ठिकठिकाणच्या पोस्टांनी स्थानिक शिक्के करून घेतले. शरणार्थींचं चित्र असलेलं खास तिकीट १ डिसेंबरला आलं. दोन दिवसांनी युद्ध सुरू झालं, १६ डिसेंबरला संपलं; अधिभार मात्र ३१ मार्च १९७३ पर्यंत चालला. ‘हम दो हमारे दो’च्या काळातलं सुखी कुटुंब आणि त्याच्या अंगावर शरणार्थींचा शब्द: एका पाच पैशांच्या कागदावर त्या दशकाच्या दोन चिंता. हे तिकीट स्वस्त आहे, जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात सहज सापडतं आणि स्मारक नसल्यामुळे लोक टाकून देतात. पूर्ण लिफाफ्यावर, तारखेच्या शिक्क्यासकट असेल तर ठेवा. सुट्या स्थानिक शिक्क्यांना इथेही वर पाकिस्तानला सांगितलेला नियम लागू.

चित्राइतकंच मूल्याकडे बघा. स्मारक तिकीट बहुतेक वेळा देशातल्या साध्या पत्राच्या दराचं काढत, म्हणजे ते घरोघरी पोचावं. टिळक दोन आणे (१९५६), शिवाजी महाराज पंधरा नवे पैसे (१९६१), आंबेडकर पंधरा पैसे (१९६६), सावरकर वीस (१९७०), फुले पंचवीस (१९७७), फडके पन्नास (१९८४), सावित्रीबाई दोन रुपये (१९९८). महागाईचा आलेख असाच उभा राहतो. मधल्या दोन खुणा लक्षात ठेवा: १ एप्रिल १९५७ ला आणे जाऊन नवे पैसे आले, आणि १ जून १९६४ ला ‘नवे’ गळून नुसते पैसे राहिले. नेहरूंचं तिकीट त्या बदलानंतर अकराच दिवसांनी आलं. आणखी एक खूण: १५ नोव्हेंबर १९६२ पासून ‘इंडिया पोस्टेज’ जाऊन ‘भारत’ आणि ‘इंडिया’ अशी दोन्ही नावं आली, पण त्यानंतरच्या काही आठवड्यांत निघालेल्या तीन तिकिटांवर जुनाच मजकूर राहून गेला. तारीख न दिलेल्या तिकिटाचा काळ ठरवायला या तीन खुणा पुष्कळ.

हल्ली बातमी येते, ‘अमुक यांच्या नावे टपाल तिकीट’. निम्म्या वेळा ते स्मारक तिकीट नसतं. ते ‘माय स्टॅम्प’ असतं किंवा विशेष लिफाफा. माय स्टॅम्प २०११ मध्ये सुरू झालं: ठरलेल्या छापील तिकिटाला जोडून शेजारी आपण दिलेला फोटो छापून मिळतो. पैसे भरले की कुणाचाही. मूल्य, देशाचं नाव आणि चित्र एकाच चौकटीत आहेत का, ते बघा. फोटो शेजारच्या जोडपट्टीवर असेल तर ती सरकारची आठवण नव्हे. विशेष लिफाफ्यावर नेहमीचं तिकीट आणि वेगळा शिक्का असतो. त्यालाही स्थानिक इतिहास म्हणून किंमत आहे, पण अल्बमच्या वेगळ्या भागात. खऱ्या स्मारक तिकिटासाठी प्रस्ताव दोन वर्षं आधी द्यावा लागतो आणि टपाल खात्याची फिलाटेली (तिकीटसंग्रह) सल्लागार समिती तो बघते. हयात व्यक्ती नको हा नियम. पण कर्वे, विश्वेश्वरय्या (१९६०), मदर तेरेसा (१९८०), सचिन तेंडुलकर (२०१३) हे अपवाद कोणत्या दशकात कुणासाठी झाले, हीसुद्धा एक यादी करण्यासारखी.

चंदनाच्या वासाचं तिकीट (२००६), खादीवर छापलेला अडीचशे रुपयांचा गांधी (२०११), कॉफीच्या वासाचं शंभराचं (२०१७) यांबद्दल माझं मत फारसं बरं नाही. खादीचं तिकीट पत्राला लावायला कुणी घेतलेलं नाही. वासाची घ्यायचीच तर बोटाने चोळू नका. वास चोळल्यावरच सुटतो आणि पुन्हा भरता येत नाही.

आता अल्बम कसा लावायचा. वर्षवार यादी टपाल खात्याच्या संकेतस्थळावर मिळते, जुन्यासाठी स्टॅन्ली गिबन्सचा कॅटलॉग. पण प्रत्येक तिकिटासोबत माहितीपत्रक मिळवा. त्यात नुसता गौरवाचा मजकूर नसतो. शेवटी तांत्रिक तपशील असतो: तारीख, आकार, परफोरेशन, कागद, एका शीटमध्ये किती, छपाईची पद्धत, छापखाना आणि एकूण किती प्रती. सत्तरच्या दशकात हा शेवटचा आकडा बऱ्याचदा लाखांत दोन आकडी असायचा, आता तीन-चार लाखांवर येतो. म्हणजे स्मारक तिकीट पत्रावरून संग्राहकाच्या कपाटात गेलं, तेही तिथेच नोंदलेलं. पानावर पेन्सिलने एवढंच लिहा: ‘निधन २८-११-१८९०. तिकीट २८-११-१९७७. अंतर ८७. मूल्य २५ पैसे. निमित्त पुण्यतिथी.’ चित्राचं वर्णन लिहू नका, ते दिसतंच आहे. मांडणी विषयवार करण्याआधी एकदा निव्वळ तारखेने लावून बघा. विषयवार लावलं की अंतरं झाकली जातात.

नवी तिकिटं घ्यायला मुंबई, पुणे, नागपूर, पणजी इथे फिलाटेली ब्यूरो आहेत. दोनशे रुपये भरून ठेव खातं उघडलं की तिकिटं, फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघालं त्या दिवसाच्या शिक्क्याचा लिफाफा), माहितीपत्रक घरी येतं. जुनी तिकिटं लिफाफ्यावरून सोडवताना तिकिटाभोवती एक सेंटिमीटर कागद राखून कापा. रंगीत लिफाफे आणि जांभळ्या शाईचे शिक्के वेगळे काढा, त्यांचा रंग सुटून सगळ्या तिकिटांना लागतो. कोमट पाण्यात, चित्र वर ठेवून, पंधरा ते वीस मिनिटं. तिकीट आपोआप सरकलं पाहिजे. ओढलं की मागचा थर पातळ होतो आणि किंमत गेली. मग पाणी बदलून उरलेला गोंद धुवा, नाहीतर वाळताना टीपकागदाला चिकटतं. चित्र खाली ठेवून वाळवा, जवळपास कोरडं झाल्यावर जड पुस्तकाखाली रात्रभर. चिमटा वापरा, बोटं नकोत.

वॉटरमार्क बघताना काळ्या बशीत तिकीट पालथं ठेवून लायटरच्या पेट्रोलचे दोन-तीन थेंब. साधारण १९५८ पर्यंतच्या बऱ्याच तिकिटांत तारे, पुढे अशोकस्तंभ, मग हळूहळू बिनवॉटरमार्कचा कागद. पण फोटोग्रॅव्ह्युअरच्या काही शाया पेट्रोलने सुटतात, म्हणून आधी स्वस्त, फाटक्या प्रतीवर करून बघा. आणि जवळपास दिवा-काडी नको, हे सांगायला लागू नये.

आपल्याकडे तिकिटांचा शत्रू पाऊस. मुंबई-कोकण-गोव्यात जुलैत गोंद ओला होतो आणि न वापरलेली तिकिटं पानाला चिकटतात. अल्बम उभा ठेवा, आडवा रचू नका, वजनानेच चिकटतात. पानांमध्ये ग्लासिन (गुळगुळीत, अर्धपारदर्शक) कागद, कपाटात सिलिका जेल, आणि भिंतीला लागून कपाट नको. सिलिका जेलचे दाणे रंग बदलले की तापवून कोरडे करा, नाहीतर तेच ओलावा धरून बसतात. तपकिरी ठिपके म्हणजे बुरशी. ती शेजारच्या तिकिटांवर जाते, म्हणून डागाळलेलं तिकीट त्याच दिवशी वेगळं काढा. स्वस्त पीव्हीसीचे खिसे काही वर्षांत चिकट होतात आणि शाई उचलतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या. लॅमिनेशन आणि सेलोटेप, दोन्ही बाद.

लिफाफ्यांकडे वळायचं असेल तर गोव्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, २९ डिसेंबरपासून भारतीय तिकिटं तिथे वापरात आली आणि पोर्तुगीज तिकिटं ५ जानेवारी १९६२ पर्यंत चालली. म्हणजे आठ दिवस दोन देशांची तिकिटं एकाच लिफाफ्यावर लागू शकत होती. असे मिश्र लिफाफे मिळतात, त्यातले पुष्कळ संग्राहकांनीच मुद्दाम करून घेतलेले. तेही खरेच, पण व्यवहारातल्या पत्राइतके नव्हेत. घेताना तीन गोष्टी बघा: शिक्क्याची तारीख त्या आठ दिवसांतली आहे का, शिक्का तिकिटावरून लिफाफ्यावर सलग उतरला आहे का, आणि मागे पोचल्याचा शिक्का आहे का. शाईची रेघ तिकिटाच्या कडेला तुटून पुढे किंचित सरकलेली दिसली, तर तिकीट नंतर चिकटवलेलं आहे.